साडी पत्र्यासारखी दिसते? ब्रशच्या फटकाऱ्यांना दोष देण्याआधी हे तपासा

लक्षणं

चित्र नऊवारीत बसलेल्या बाईचं असो, सदरा-धोतरातल्या आजोबांचं असो, नाहीतर ओढणी घेतलेल्या मुलीचं, तक्रार ठरलेली असते. चेहरा बरा उतरतो, गळ्याखाली आलं की घोळ सुरू होतो. यातलं काय काय जुळतंय ते बघा.

- साडी नेसलेली वाटत नाही, पत्रा दुमडून अंगाभोवती लावल्यासारखी वाटते. चुण्या सगळ्या सारख्याच गडद आणि सारख्याच रुंद.
- मांडी, गुडघा, कोपर कापडाखाली नेमकं कुठं आहे, यावर बोट ठेवता येत नाही.
- फटकारे मोकळे आहेत, पण सगळे एकाच लांबीचे आणि एकाच तिरक्या दिशेनं पडलेले.
- छायेतला रंग मेलाय. जांभळा म्हणावा तर जांभळा नाही, तपकिरी म्हणावा तर तोही नाही.
- हातभर अंतरावरून चित्र झकास, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून नुसता गोंधळ.
- चेहरा एकानं रंगवलाय आणि कपडे दुसऱ्यानं, असं वाटतं.

मोकळ्या ब्रशकामाची हौस असलेले विद्यार्थी माझ्याकडे येतात ते बहुतेक हीच तक्रार घेऊन, आणि त्यांना हवा असतो तो फटकारा मारण्याचा एखादा खास हात. असा हात नसतो. मारण्याआधी जे ठरवायचं राहून गेलं, तेच फटकाऱ्यात उघडं पडतं. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्या गोष्टींपासून सुरू होतात आणि महिनोन् महिने घेणाऱ्या गोष्टीपाशी संपतात. क्रम मोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळणार नाही.

१. डोळे किलकिले करा, मग फोन काढा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. चित्रापासून दहा फूट मागं जा, डोळे अर्धे मिटा आणि आधी मॉडेलकडे, मग चित्राकडे बघा. मॉडेलमध्ये तीन-चार मोठे गट दिसतील: उजेडातलं कापड, छायेतलं कापड, पार्श्वभूमी, कातडी. चित्रातही तेवढेच दिसायला हवेत. तिथं ठिपके आणि पट्टे दिसत असतील तर निदान झालंच. खात्रीसाठी फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा.

हे आधी का? कारण रंग डोळ्यांना फसवतो. लाल साडी आणि तिचा हिरवा काठ रंगानं एकमेकांचे वैरी, पण टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, दोन्हींचा एकच असू शकतो. कृष्णधवल फोटोत काठ साडीत विरघळून गेला, तर समोर बसलेल्या मॉडेलचाही तसाच फोटो काढून ताडून बघा. मॉडेलमध्येही विरघळत असेल तर तुम्ही बरोबर आहात.

इथं एकच नियम पाळा: एकाच रंगाच्या कापडात उजेडातली सगळ्यात गडद जागा छायेतल्या सगळ्यात फिक्या जागेपेक्षा उजळच असली पाहिजे. लोक उजेडातल्या चुण्यांच्या खाचा काळ्या करतात आणि छायेत परावर्तित उजेड दिसला म्हणून तिथं पांढरं ओढतात. दोन्ही गट एकमेकांत घुसतात आणि साडीचा पत्रा होतो. निम्म्या चित्रांचा आजार इथंच बरा होतो. दोन बाय तीन इंचांत कोळशानं तीनच टोनचं कच्चं चित्र काढून ते कॅनव्हासच्या शेजारी चिकटवा, आणि नवा रंग लावताना तो कुठल्या गटात जातोय हे त्यात बघा.

२. ट्यूबलाइट बंद करा

हेही फुकट. खिडकीचा उजेड डावीकडून येतोय आणि डोक्यावर ट्यूबलाइट चालू आहे, असं असेल तर प्रत्येक चुणीला दोन छाया पडतात. अंगाचा घाट, म्हणजे गोलाई, सांगणारी छाया कुठली आणि फालतू कुठली, हे नवख्याला निवडता येत नाही. तो दोन्ही रंगवतो.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या तरुणीचं जलरंगातलं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान कॅलेंडरवर तरी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लोक बोटांतून झिरपणाऱ्या उजेडाला दाद देतात, ती द्यायलाच हवी. पण साडीकडेही बघा. उजेड एकट्या दिव्याचा आहे, म्हणून कापडाचं सगळं वागणं त्या एका जागेवरून ठरतं. चित्रकाराला चुणीगणिक नवा निर्णय घ्यावा लागलेला नाही.

खिडकी ठेवा किंवा दिवा ठेवा, दोन्ही नको. दिवसा काम करत असाल तर उत्तरेची खिडकी बरी, तिथं ऊन सरकत नाही.

३. ब्रश बदला, आणि धरायचा कसा ते बदला

आता थोडा खर्च. अठरा बाय चोवीस इंचांच्या कॅनव्हासवर चार नंबरच्या गोल ब्रशनं साडी रंगवली तर ती भरलेलीच दिसणार. ही सवय कुठून येते ते मला माहीत आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी आपल्याला बाह्यरेषा काढून आत रंग भरायला शिकवलं. स्मरणचित्रातली पाणी भरणारी बाई आठवा. परीक्षेपुरतं ते ठीक होतं.

दहा किंवा बारा नंबरचा चपटा हॉगहेअर (डुकराच्या राठ केसांचा) ब्रश घ्या, जोडीला आठ नंबरचा फिल्बर्ट, म्हणजे गोलसर टोकाचा चपटा ब्रश. पैसे कमी असतील तर रंगाच्या दुकानातला एक इंची ब्रशही सुरुवातीला चालतो, फक्त त्याचे केस गळतात ते वेचत बसावं लागतं. पहिल्या तासात लहान ब्रश हातातच घेऊ नका. मोठ्या ब्रशला बारीक गोष्टी करताच येत नाहीत, त्यामुळे निवड करणं भाग पडतं.

ब्रश पेन्सिलसारखा पुढं धरू नका, दांड्याच्या मागच्या टोकाशी धरा आणि खांद्यापासून हलवा. मनगटातून निघालेला फटकारा छोटा आणि वळणदार असतो आणि दर वेळी तसाच निघतो. सगळे फटकारे एका लांबीचे, हे लक्षण बहुतेकदा इथलंच. बसून काम करत असाल तर उभे राहा.

४. पॅलेटवर रंग किती आहे?

वाटाण्याएवढा रंग काढून खांद्यापासून पायापर्यंतचा पदर रंगवता येत नाही. ब्रश अर्ध्यावर कोरडा पडतो, मग तोच रंग पुन्हा पुन्हा घासला जातो. खालचा ओला थर वर येतो आणि चिखल होतो. साडीसाठी तीन ढीग आधीच पॅलेट नाईफनं कालवून ठेवा: उजेडाचा, मधला, छायेचा. प्रत्येक ढीग गरजेच्या दुप्पट. रंग वाया जाईल, जाऊ द्या.

चिखलाची दुसरी कारणं. एका ढिगात चार-पाच ट्यूबा पडल्या की रंग विझतो, तिनांवर थांबा. छाया गडद करायला सरसकट काळा आणि उजेड वाढवायला सरसकट पांढरा वापरला तरी तेच होतं. पांढरा जितका वाढतो तितका रंग थंड आणि खडूसारखा होतो, त्यामुळे लाल साडीच्या उजेडात थोडं केशरी किंवा यलो ऑकर (मातकट पिवळा) लागतंच. प्रत्येक गटाला वेगळा ब्रश ठेवा. उजेडाचा ब्रश छायेत बुडाला की तो पुसा, नुसता टर्पेंटाइनमध्ये हलवू नका.

फारच गोंधळ होत असेल तर काही चित्रं चारच रंगांत करा: यलो ऑकर, शेंदरी, काळा, पांढरा. स्वीडनचा चित्रकार आंदर्स झोर्न (१८६०–१९२०) याच पॅलेटसाठी ओळखला जातो. त्यात काळ्यात पांढरा मिसळला की तो निळ्याचं काम करतो. पोपटी साडी त्यात होणार नाही, पण सदरा, धोतर, मातकट लुगडं सगळं होतं.

पांढऱ्या कापडाची वेगळी तक्रार येते: धोतराच्या छाया राखाडी आणि मळकट दिसतात. स्पेनच्या सोरोया या चित्रकारानं (१८६३–१९२३) समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हात रंगवलेले पांढरे कपडे बघा. छाया आकाशाकडे वळलेली असेल तिथं निळी-जांभळी, वाळूकडे वळलेली असेल तिथं उबदार पिवळी. धोतराची छायाही आजूबाजूला काय आहे त्यावरून ठरवा. खाली लाल जाजम असेल तर त्याचा रंग वर येणारच.

माध्यमाचे दोन दोष ब्रशकामाच्या नावावर खपतात. ॲक्रिलिक सुकल्यावर थोडं गडद होतं आणि पुण्याच्या एप्रिलात ते ब्रशवरच सुकतं. पॅलेटवर ओला टिश्यू, त्यावर बटरपेपर आणि हाताशी पाण्याचा फवारा ठेवा. तैलरंगात उलट. बर्न्ट अंबरसारखे मातीचे रंग सुकताना तेल खाली जातं, गडद भाग मॅट आणि फिका पडतो, आणि काल बरोबर असलेली छाया आज चुकीची दिसते. लगेच वर रंग चढवू नका. तो भाग हाताला पूर्ण सुकलेला लागत असेल तर अळशीच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवा, जादाचं पुसून घ्या आणि मगच ठरवा.

जाता जाता: अळशीच्या तेलात माखलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

५. चुणी कुठून निघते?

इथून पुढं पैसे लागत नाहीत, डोकं लागतं. वरचं सगळं नीट असूनही साडी पत्र्याचीच राहिली, तर दोष जवळजवळ नक्की इथं आहे.

कापड स्वतःहून काही करत नाही. कुठंतरी ते टेकलेलं, खोचलेलं, ओढलेलं किंवा दाबलेलं असतं आणि उरलेलं वजनानं खाली जातं. म्हणून रंगाला हात लावण्याआधी मॉडेलवर कापड अडकलंय अशा जागा शोधा आणि कॅनव्हासवर तिथं टिंबं द्या. नऊवारीत बसलेल्या बाईच्या या जागा ठरलेल्या आहेत: डावा खांदा, कमरेची खोच, दोन्ही गुडघे, बसल्यामुळे मांडीखाली दाबलेला भाग आणि मागं खोचलेला कासोटा. चुण्या या टिंबांपासून निघतात. एका टिंबापासून दुसऱ्याकडे जातात, नाहीतर एका टिंबापासून थेट जमिनीकडे.

वळणंही मोजकीच. खांद्यावरून सुटलेला पदर आणि खोचलेल्या निऱ्या सरळ नळ्यांसारख्या पडतात. दोन गुडघ्यांमध्ये कापडाला झोळ पडतो, तिथं एकात एक बसलेले इंग्रजी व्ही अक्षराचे आकार दिसतात. दुमडलेल्या कोपराच्या आतल्या बाजूला बाही चेपते आणि नागमोडी होते. जमिनीवर पडलेल्या टोकाला कसलीच ओढ नसते, ते कसंही पडतं. पदराला पिन लावली असेल तर पिनेपासून चुण्या पसरतात. पिन नसेल तर त्या खांद्याच्या गोलाईवरून घसरतात.

मग चाळणी लावा. जी चुणी कुठून निघाली आणि कुठं गेली हे सांगता येत नाही, ती पुसा, मॉडेलमध्ये दिसत असली तरी. उरलेल्यांतही दोन-तीन मोठ्या निवडा आणि बाकीच्या त्यांच्या पोटात घाला. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधरांनी (१८६७–१९४४) नऊवारीतल्या बायका किती तरी काढल्या. चालताना कासोट्याची ओढ मांडीवर कशी तिरकी येते, ते त्यांच्यात बघावं. रेघा थोड्या, पण पाय कुठं आहे याबद्दल शंका राहत नाही.

फटकाऱ्याची दिशा इथं ठरते. कापड ताणलेलं आहे तिथं, म्हणजे गुडघा, खांदा, मांडीचा वरचा भाग, फटकारा अवयवाच्या गोलाईला आडवा मारा. शरीराचा घाट त्यानं दिसतो. कापड लोंबतंय तिथं फटकारा वरून खाली, एका दमात. खांद्याशी ब्रश रंगानं भरलेला असावा आणि पदराच्या टोकाशी पोचेपर्यंत तो कोरडा पडत खरबरीत व्हावा. चित्रात आडवे आणि उभे असे दोन्ही जातीचे फटकारे आले की जिवंतपणासाठी वेगळं काही करावं लागत नाही. सगळीकडे तिरकेच मारले तर मॉडेलपेक्षा तुमच्या हाताची सवय जास्त दिसते.

कापडाची जातही विसरू नका. खळ घातलेलं सुती लुगडं कोन करून मोडतं. त्याला चपट्या ब्रशचे तुकडे शोभतात. रेशमाची चकाकी अरुंद असते आणि तिच्या शेजारीच एकदम गडद येतं, मधला टोन फार थोडा. शिफॉन अंगाबरोबर जातं, त्याच्या चुण्या बारीक आणि मऊ. खादीला चकाकी जवळजवळ नसतेच. एकाच पद्धतीनं सगळी कापडं रंगवणारे भेटतात, आणि मग पैठणी आणि पंचा एकाच मापाचे दिसतात.

सरावासाठी मॉडेल लागत नाही. खुर्चीच्या पाठीवर ओढणी टाका आणि मोजून तीस फटकाऱ्यांत रंगवा. एकतिसावा नाही. प्रत्येक फटकाऱ्याआधी थांबावं लागतं, त्यासाठीच हा खेळ आहे. तीसही जास्त वाटायला लागले की वीसवर या.

६. काठ, बुट्टे आणि कडा

काठ हा फुकटचा मदतनीस आहे. तो मांडीवरून वळतो, गुडघ्याखाली दिसेनासा होतो, चुणीत शिरताना अरुंद होतो, त्यामुळे अंगाचा घाट तोच सांगून टाकतो. पण पट्टी लावून सरळ ओढला तर होतं नव्हतं ते सगळं सपाट करतो. बुट्टे शेवटी, उजेडातले स्पष्ट आणि छायेतले जेमतेम. सगळे मोजून काढायची गरज नाही. जरीसाठी सोनेरी रंगाची बाटली उघडू नका. मळकट ऑकरवर चार-पाच उजळ ठिपके नेमक्या जागी पडले की पुरे.

कडांचं काम जास्त अवघड. चित्रातली प्रत्येक कड सारखीच धारदार असेल तर फटकारे कितीही मोकळे असोत, आकृती कापून चिकटवलेली दिसते. डोळे पुन्हा किलकिले करा. ज्या कडा तेव्हाही टिकतात त्या धारदार ठेवा, ज्या विरतात त्या कोरड्या ब्रशनं किंवा बोटानं पार्श्वभूमीत मिसळा. छायेतली पाठ आणि गडद भिंत यांच्यामधली रेघ गेलीच पाहिजे. चेहरा एकाचा आणि कपडे दुसऱ्याचे, या लक्षणावर औषधही इथंच आहे: चेहऱ्याच्या एक-दोन कडा विरवा आणि कपड्यात एखादी जागा, शक्यतो चेहऱ्याजवळची, तितक्याच नेमकेपणानं पूर्ण करा. ब्रशही दोन्हीकडे तोच वापरा.

७. दुरुस्त करू नका, खरवडा

मॉडेलनं विश्रांती घेतली की चुण्या बदलतात. परत बसल्यावर त्या तशाच येणार नाहीत, कितीही सांगा. म्हणून मोठ्या चुण्या पहिल्याच बैठकीत पकडा आणि नंतर नव्या चुण्यांच्या मागं लागू नका. फोटो घेऊन ठेवायला हरकत नाही, पण फोनचा कॅमेरा गडद भाग काळा करून टाकतो. छाया फोटोवरून रंगवू नका.

फसलेल्या फटकाऱ्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असं करत ताजेपणा परत येत नाही. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचे फटकारे बघून लोकांना वाटतं की ते पहिल्याच झटक्यात पडलेत. तो न जमलेला भाग पूर्ण खरवडून पुन्हा नव्यानं रंगवायचा. तुम्हीही पॅलेट नाईफनं ओला भाग काढा, फडक्यानं पुसा आणि अख्खा पदर पुन्हा घ्या, तुकडा नको. हातभर जागा खरवडायला जिवावर येतं, त्यामुळे ही तपासणी बरेच जण टाळतात.

थांबा, आता दुसऱ्याकडे जा

सगळं करून झालं आणि तरीही गुडघा कुठं आहे हे ठरत नाही? मग दोष कापडाखालच्या शरीराच्या समजेत आहे. पारख सोपी आहे. साडी पूर्ण विसरा आणि त्याच बैठकीतलं नुसतं शरीर दहा मिनिटांत रेषेत काढा. ते जमत नसेल तर ब्रशकामाचे व्हिडिओ बघणं बंद करा. जिवंत मॉडेलवरून रेखाटन करवून घेणारा वर्ग शोधा आणि किमान काही महिने नुसता कोळसा वापरा. हे एकट्यानं घरी होत नाही. हाडाची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही, शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याला लगेच दिसते.

आणखी तीन ठिकाणी थांबायचं. कॅनव्हासचा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) पापुद्र्यांनी सुटत असेल तर त्यावर पुढचं काम नको, कॅनव्हास बदला. घरातल्या जुन्या तैलचित्रातल्या पणजीची साडी ‘जरा उजळ करायची’ असेल तर हात लावू नका, ते संवर्धकाचं काम आहे; मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचं केंद्र आहे, तिथं विचारा. आणि टर्पेंटाइननं डोकं दुखत असेल किंवा खांद्याची कळ दुसऱ्या दिवशीही राहत असेल तर डॉक्टरकडे.

शिक्षकाकडे जाताना चित्राबरोबर कोळशाचं कच्चं चित्र, मॉडेलचा आणि चित्राचा कृष्णधवल फोटो आणि वापरलेले ब्रश घेऊन जा. पॅलेट धुऊ नका, तसाच न्या. त्यावरचे ढीग बघूनच बऱ्याचदा कळतं की गाडी कुठल्या तपासणीवर अडली आहे.